सावलीचा नकाशा

सूर्य नित्यनेमाने उगवतो आणि मावळतो. त्याच्या या नियमितपणावर माणसाचा इतका विश्वास असतो की, भर दिवसा त्याचे तेज मंदावले, आकाश काळवंडले आणि तारे दिसू लागले, तर धीराच्या माणसाच्या मनातही भीती दाटून येते. प्राचीन काळापासून जगातील अनेक देशांत लोक खग्रास सूर्यग्रहणाकडे भयानेच पाहत आले. कोणी ते देवाच्या कोपाचे चिन्ह मानी, तर कोणी त्यात राजाच्या मरणाची सूचना पाही. हे भय घालविण्याचे काम ज्या थोर पुरुषांनी केले, त्यांत एडमंड हॅली या इंग्रज ज्योतिर्विदाची गणना करावी लागेल. पुन्हा पुन्हा परत येणाऱ्या एका धूमकेतूमुळे हॅलीचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु चंद्राची सावली पृथ्वीवर कोठून कोठे व केव्हा जाईल, हे नकाशावर रेखून त्याने ते आगाऊ सर्वसामान्य लोकांच्या हाती दिले, ही त्याची कामगिरीही तितकीच संस्मरणीय आहे.

हॅलीचा जन्म इ. स. १६५६ मध्ये लंडन शहरालगतच्या हॅगरस्टन या गावी झाला. त्याचे वडील साबणाचा मोठा धंदा करीत व घरची स्थिती संपन्न होती. मुलाची बुद्धी तीव्र आहे हे पाहून वडिलांनी त्याच्या शिक्षणात काही उणे पडू दिले नाही. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत तो शिकत असतानाच त्याला आकाशनिरीक्षणाचा छंद लागला. होकायंत्राची सुई अगदी बरोबर उत्तर न दाखविता किंचित बाजूला ढळते. हे ढळणे लंडनमध्ये किती आहे, ते त्याने शाळेत असतानाच मोजून पाहिले होते. १६७३ साली तो ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात दाखल झाला, तेव्हा त्याच्या सामानात पुस्तकांबरोबरच वेध घेण्याची उपकरणे आणि २४ फूट लांबीची एक दुर्बीणही होती.

त्या काळी युरोपातून दिसणाऱ्या ताऱ्यांची स्थाने ठरविण्याचे काम अनेक विद्वान करीत होते. दक्षिण गोलार्धातूनच दिसणाऱ्या ताऱ्यांची दुर्बिणीच्या साहाय्याने मात्र कोणी नीट नोंद केलेली नव्हती. हे काम आपण करावे, असे हॅलीच्या मनाने घेतले. त्या वेळी तो अवघा वीस वर्षांचा होता. पदवी पदरात पडण्याची वाट न पाहता त्याने विद्यापीठ सोडले. राजा दुसरा चार्ल्स याने त्याच्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीला पत्र दिले, वडिलांनी वर्षाला ३०० पौंड देण्याचे कबूल केले आणि १६७६ च्या नोव्हेंबर महिन्यात तो कंपनीच्या गलबतातून दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना या एकाकी बेटाकडे निघाला. बेटावर ढगांचे आणि धुक्याचे साम्राज्य असे. कित्येक रात्री नुसते आकाशाकडे डोळे लावून बसण्यात जात. तरीही मिळेल त्या संधीचा उपयोग करून त्याने ३४१ ताऱ्यांची स्थाने निश्चित केली. याच बेटावरून १६७७ मध्ये त्याने बुधाचा लहानसा काळा ठिपका सूर्यबिंबावरून सरकत जाताना पाहिला. तो परत आल्यावर त्याची ताऱ्यांची यादी प्रसिद्ध झाली. राजाच्या आज्ञेने विद्यापीठाने त्याला पदवी दिली व वयाच्या बाविसाव्या वर्षी तो रॉयल सोसायटी या विख्यात विद्वत्सभेचा सभासद झाला.

हॅलीचा स्वभाव मोकळा व आनंदी होता. दुसऱ्याच्या गुणांचा त्याला मत्सर वाटत नसे, इतकेच नव्हे, तर ते गुण प्रकाशात आणण्यासाठी तो स्वतः झीज सोशी. १६८४ साली ग्रहांच्या गतीसंबंधी एक कूट प्रश्न घेऊन तो केंब्रिजला आयझॅक न्यूटनकडे गेला. सूर्याचे आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल, तर ग्रहाचा मार्ग कोणत्या आकाराचा होईल, हा तो प्रश्न होता. तो मार्ग लंबवर्तुळाकार होईल, हे न्यूटनने आधीच गणिताने काढलेले होते. पण आपले गणित त्याने कोणालाच दाखविले नव्हते. हॅलीने ते लिहून काढण्याची गळ घातली, न्यूटनच्या रुसव्याफुगव्यांना तोंड दिले आणि हस्तलिखित हाती येताच मुद्रणाची सर्व जबाबदारी अंगावर घेतली. रॉयल सोसायटीने माशांच्या इतिहासावरील एका भल्यामोठ्या ग्रंथात आपला पैसा घातला होता व तिची तिजोरी रिकामी होती. तेव्हा हॅलीने स्वतःच्या खर्चाने न्यूटनचा प्रिन्सिपिया हा ग्रंथ १६८७ मध्ये छापविला. त्या वर्षी सोसायटीकडून त्याला पगाराच्या मोबदल्यात माशांच्या त्याच न खपलेल्या ग्रंथाच्या ५० प्रती मिळाल्या! परंतु या ग्रंथाच्या प्रकाशनाने जगाला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मिळाला. आणि त्याच सिद्धांताच्या आधारे पुढे हॅलीने चंद्राच्या सावलीचा व धूमकेतूच्या येरझाऱ्यांचा माग काढला.

सूर्यग्रहणाचे कारण हॅलीच्या काळी विद्वानांना अज्ञात नव्हते. अमावास्येच्या दिवशी चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये येतो व त्याची छाया पृथ्वीवर पडते. सूर्याचा व्यास चंद्राच्या व्यासाच्या सुमारे ४०० पट मोठा असला, तरी सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट दूरही आहे. म्हणून आपल्याला दोन्ही बिंबे जवळजवळ सारखी दिसतात व लहानसा चंद्र अवाढव्य सूर्याला पूर्णपणे झाकू शकतो. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांचा कोन करून असते. त्यामुळे बहुतेक अमावास्यांना चंद्राची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते. या दोन कक्षा आकाशात ज्या दोन बिंदूंपाशी एकमेकींना छेदतात, त्यांनाच आपल्या ज्योतिषात राहू व केतू अशी नावे आहेत. अमावास्येला सूर्य आणि चंद्र या बिंदूंजवळ असतील, तरच ग्रहण लागते.

कारण कळले तरी वेळ आणि स्थळ सांगणे सोपे नव्हते. चंद्राची गाढ सावली पृथ्वीपर्यंत येता येता निमुळती होते. तिचा जेवढा पट्टा जमिनीवरून सरकत जातो, तेवढ्याच भागात ग्रहण खग्रास दिसते. त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ते खंडग्रास असते आणि त्याहून दूरच्या लोकांना मुळीच दिसत नाही. चंद्राच्या गतीत थोडी जरी चूक राहिली, तरी सावलीचा पट्टा कित्येक मैल इकडेतिकडे जावयाचा. प्राचीन बाबिलोनी ज्योतिष्यांनी शेकडो वर्षांच्या नोंदींवरून ताडले होते की, २२३ अमावास्या, म्हणजे सुमारे १८ वर्षे, ११ दिवस व ८ तास उलटले की, त्याच प्रकारची ग्रहणे पुन्हा होतात. हॅलीने या चक्राचा अभ्यास केला व त्याला सॅरॉस हे नाव दिले. एका प्राचीन कोशातील उल्लेखावरून त्याने हे नाव घेतले होते. त्या शब्दाचा मूळ अर्थ निराळा होता, असे पुढे दिसून आले. पण नाव मात्र रूढ झाले ते कायमचे. जुन्या ग्रहणांच्या नोंदी ताडून पाहताना त्याला आणखी एक गोष्ट आढळली. प्राचीन काळाच्या मानाने चंद्राची गती किंचित वाढलेली दिसत होती. पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे अत्यंत मंद प्रमाणात रेंगाळत चालल्यामुळेही असे दिसते, याचा उलगडा फार पुढे झाला. शेकडो वर्षांपूर्वी कोणा निरीक्षकाने लिहून ठेवलेली ग्रहणाची वेळ इतक्या खोल रहस्याचा धागा होऊ शकते, हे हॅलीने प्रथम ओळखले.

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी नकाशावर दाखविण्याची हॅलीला विलक्षण हातोटी होती. १६८६ साली त्याने महासागरांवरून वाहणाऱ्या व्यापारी व मोसमी वाऱ्यांचा नकाशा तयार केला. १६९८ ते १७०० या काळात पॅरामोर नावाच्या एका लहान जहाजाचा कप्तान होऊन तो अटलांटिक महासागरात फिरला. थेट दक्षिणेच्या हिमखंडांपर्यंत जाऊन त्याने ठिकठिकाणी होकायंत्राच्या सुईचे ढळणे मोजले. शाळेत असताना लागलेल्या छंदाचेच हे मोठे रूप होते. सारखे ढळणे असलेली स्थळे रेषांनी जोडून त्याने १७०१ मध्ये एक नकाशा छापला. खलाशांना तो अत्यंत उपयुक्त वाटला. १७०४ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याला भूमितीचा प्राध्यापक नेमले. वारा आणि चुंबकशक्ती यांच्याप्रमाणेच चंद्राची धावती सावलीही नकाशावर बांधता येईल, हे अशा माणसाला सुचावे यात नवल नाही.

अशी संधी १७१५ साली आली. त्या वर्षी इंग्लंडात तेव्हा चालू असलेल्या जुन्या गणनेप्रमाणे २२ एप्रिल रोजी, म्हणजे आजच्या गणनेप्रमाणे ३ मे रोजी, खग्रास सूर्यग्रहण व्हावयाचे होते व सावलीचा पट्टा लंडनवरून जाणार होता. हॅलीच्या हिशेबाप्रमाणे इ. स. ११४० नंतर लंडनमध्ये असे ग्रहण झालेच नव्हते. तेव्हा त्याचा अनुभव सांगू शकेल असा एकही मनुष्य शहरात नव्हता. त्यातच देशाची स्थिती नाजूक होती. १७१४ च्या ऑगस्टमध्ये ॲन राणी मरण पावली होती व जर्मनीतील हॅनोव्हरहून आलेला पहिला जॉर्ज नुकताच गादीवर बसला होता. पदच्युत राजघराण्याचे पक्षपाती त्याच्याविरुद्ध उठण्याच्या तयारीत होते. अशा वेळी भर सकाळी अंधार पडला, तर लोक त्याचा अर्थ नव्या राजावरील अरिष्ट असा करतील आणि अफवांना ऊत येईल, अशी रास्त भीती होती.

हॅलीने यावर एक साधा उपाय योजिला. त्याने इंग्लंडचा नकाशा काढून त्यावर चंद्राच्या सावलीचा पट्टा दाखविला. नैर्ऋत्येकडील कॉर्नवॉलच्या बाजूने शिरून ईशान्येकडे समुद्रावर निघून जाणारी ती करडी वाट पाहताच, आपले गाव सावलीत येते की नाही, हे ज्याचे त्याला कळत असे. नकाशाखाली त्याने सोप्या इंग्रजीत मजकूर लिहिला. हा अंधार म्हणजे चंद्राची सावली असून सूर्यचंद्रांच्या नियमित गतीचाच तो परिणाम आहे, हे आधी कळले म्हणजे लोक त्याला अपशकुन मानणार नाहीत, असा त्याचा आशय होता. जॉन सेनेक्स या नकाशे विकणाऱ्याच्या दुकानातून ही पत्रके ग्रहणापूर्वीच लोकांच्या हाती पडली.

या पत्रकात आणखीही एक विनंती होती. ज्यांना कुतूहल असेल त्यांनी ग्रहण लक्षपूर्वक पाहावे, पूर्ण अंधार किती वेळ टिकला हे घड्याळावर मोजावे आणि ते कळवावे, असे हॅलीने वाचकांना सांगितले होते. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नव्हती. लोलकाचे एक चांगले घड्याळ पुरेसे होते. आपले गणित सर्वस्वी बिनचूक आहे, असा त्याचा दावा नव्हता. लोकांच्या निरीक्षणांवरून ते सुधारता येईल व पुढील ग्रहणे अधिक अचूक वर्तविता येतील, असे त्याने मोकळेपणाने सांगितले. ज्योतिर्विदाने आपले भाकीत साऱ्या देशापुढे मांडावे आणि त्यातील चूक शोधण्याचे काम त्याच देशातील लोकांवर सोपवावे, ही गोष्ट त्या काळात अपूर्व होती. भाकीत फसले असते, तर हॅलीचे हसे झाले असतेच; शिवाय ग्रहणाला अपशकुन म्हणणाऱ्यांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले असते.

ग्रहणाची सकाळ उजाडली. लंडनवर आकाश निरभ्र व निळेभोर होते. क्रेन कोर्ट येथील रॉयल सोसायटीच्या वास्तूत हॅली आपली दुर्बीण, कोन मोजण्याचे यंत्र व घड्याळ मांडून सज्ज होता. आठ वाजून काही मिनिटे झाली आणि ग्रहणाचा स्पर्श झाला. सूर्याच्या कडेला एक बारीकशी खाच दिसू लागली व हळूहळू वाढत गेली. सूर्याचा बराच मोठा भाग झाकला जाईपर्यंत उजेडात विशेष फरक जाणवला नाही. पुढे मात्र आकाशाचा रंग पालटू लागला. निळाईत काळसर जांभळी छटा मिसळली, हवेत गारवा आणि ओल आली. नऊ वाजून गेल्यानंतर सूर्याची शेवटची कोर विझली व भर सकाळी लंडनवर रात्र उतरली. शुक्र, बुध व गुरू हे ग्रह आणि काही ठळक तारे दिसू लागले. काळ्या चंद्रबिंबाभोवती मोत्याच्या रंगाचे एक शुभ्र वलय उजळले. अंधार संपावयाच्या सुमारास चंद्राच्या कडेशी तांबड्या प्रकाशाची एक अरुंद रेघ हॅलीला दिसली आणि दुसऱ्याच क्षणी सूर्याचा किरण बाहेर फुटला. संमीलनापासून उन्मीलनापर्यंत ३ मिनिटे व २२ सेकंद गेली होती.

पशू, पक्षी व जलचरही या अंधाराने गांगरून गेले होते, असे हॅलीने पुढे आपल्या वृत्तांतात लिहिले. स्वतःच्याही मनात त्या क्षणी काहीसे भय दाटले होते, हे त्याने लपवून ठेवले नाही. ते शुभ्र वलय सूर्याचे की चंद्राचे, याचा निर्णय त्याला करता आला नाही व तसे त्याने स्पष्ट नमूद केले. ते सूर्याचेच प्रभामंडळ असते आणि ती तांबडी रेघ सूर्याच्या वातावरणाच्या एका पातळ थराची असते, हे आज आपल्याला ठाऊक आहे.

ग्रहण पाहण्यात एक मोठा धोका असतो. सूर्याची बारीकशी कोर शिल्लक असली, तरी तिच्याकडे सरळ पाहणाऱ्याच्या डोळ्यातील नाजूक पडदा भाजून निघतो. वेदना होत नसल्यामुळे त्या वेळी हे कळतही नाही. खुद्द न्यूटनने तरुणपणी आरशातील सूर्याचे प्रतिबिंब एकटक पाहिले व त्याला कित्येक दिवस अंधाऱ्या खोलीत बसून राहावे लागले. आपल्या वेधांच्या वृत्तांतात हॅलीनेही डोळ्याचा विचार केला आहे. सूर्याकडे पाहून आकसलेली बाहुली आणि अंधाराला सरावलेली बाहुली यांना एकच प्रकाश निरनिराळा भासू शकतो, हे त्याने ध्यानात घेतले होते. काजळी धरलेली काच, उन्हाचा साधा चष्मा किंवा पाण्यातील प्रतिबिंब यांनी डोळ्यांचे पुरेसे रक्षण होत नाही. दुर्बिणीतून सूर्याकडे थेट पाहणे तर सर्वांत घातक होय. ग्रहणासाठी मुद्दाम बनविलेला व प्रमाणित केलेला चष्मा वापरणे, हा आज एक सुरक्षित मार्ग आहे. याहून सोपा मार्ग म्हणजे सूर्याकडे पाठ करून उभे राहावे व पुठ्ठ्याला पाडलेल्या बारीक छिद्रातून सूर्याचे प्रतिबिंब पांढऱ्या कागदावर पाडावे. गर्द झाडाच्या पानांतून पडणारे कवडसेही ग्रहणाच्या वेळी कोरीच्या आकाराचे होतात. सूर्य पूर्ण झाकला जातो तेवढीच थोडी मिनिटे त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी पाहता येते. प्रकाशाचा पहिला किरण फुटताच दृष्टी वळविली पाहिजे.

ग्रहणानंतर हॅलीकडे इंग्लंडच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे येऊ लागली. ऑक्सफर्ड येथील त्याच्या सहकाऱ्याला ढगांमुळे शेवटाखेरीज काही नीट दिसले नव्हते. केंब्रिज येथे आकाश स्वच्छ होते, परंतु प्राध्यापक रॉजर कोट्स याच्याभोवती पाहुण्यांचा इतका गराडा पडला की, ग्रहणाच्या स्पर्शाची व अंधार पडण्याची अशा दोन्ही वेळा टिपण्याचे त्याला साधले नाही! उलट खेड्यापाड्यांतील अनेक साध्या निरीक्षकांनी उत्तम माहिती धाडली. सावलीच्या उत्तर आणि दक्षिण सीमेजवळ राहणाऱ्या लोकांची पत्रे तर फारच मोलाची ठरली. कोठे सूर्य क्षणभरच झाकला गेला होता, तर कोठे त्याचा ताऱ्याएवढा ठिपका शिल्लक राहिला होता. अशा नोंदींवरून सावलीची कड नेमकी कोठून गेली हे ठरविता आले. हॅलीचे भाकीत वेळेत सुमारे ४ मिनिटांनी आणि सावलीच्या कडेच्या बाबतीत सुमारे २० मैलांनी चुकले होते. त्याने ही चूक झाकली नाही. पट्ट्याची दुरुस्त केलेली जागा दाखविणारा नवा नकाशा त्याने तयार केला आणि त्याच नकाशावर १७२४ च्या मे महिन्यात होणाऱ्या पुढील खग्रास ग्रहणाचा मार्गही आखून दिला. ते ग्रहणही ठरल्या दिवशी सायंकाळी झाले. त्यानंतर थेट १९२७ पर्यंत इंग्लंडच्या भूमीवरून खग्रास ग्रहण दिसले नाही.

राजा जॉर्ज याच्याविरुद्धचे बंड त्याच वर्षी शरद ऋतूत झाले व मोडलेही गेले. त्याच्या जय-पराजयाशी चंद्राच्या सावलीचा काही संबंध नव्हता. सावली आली तशी पत्रकात सांगितल्याप्रमाणे चार-दोन मिनिटांच्या फरकाने निघून गेली होती.

१७२० साली ग्रीनिच येथील वेधशाळेचे प्रमुखपद हॅलीकडे आले. त्या वेळी त्याला चौसष्टावे वर्ष चालू होते. वेधशाळेत तो गेला, तेव्हा तेथे एकही यंत्र शिल्लक नव्हते. त्याच्या आधीच्या अधिकाऱ्याची सर्व यंत्रे खाजगी मालकीची असल्यामुळे त्याच्या वारसांनी ती हलविली होती. हॅलीने नव्याने यंत्रे जमविली आणि चंद्राचे सलग वेध घेण्याचा संकल्प सोडला. चंद्राचे पूर्ण चक्र १८ वर्षांचे. म्हणजे हे काम पुरे व्हावयास त्याला ऐंशीच्या पलीकडे जगावे लागणार होते. अनेकांना हा हट्ट वेडेपणाचा वाटला असेल. पण चंद्राची गती बिनचूक कळली, तर भर समुद्रात रेखांश काढता येईल व खलाशांचे प्राण वाचतील, तसेच ग्रहणांची भाकितेही अचूक होतील, हे तो जाणून होता. पुढे पत्नीचे निधन झाले, उजव्या हाताला पक्षाघाताचा विकार जडला. तरी वेध चालूच राहिले आणि त्याने ते चक्र पुरे केले.

आपल्या हयातीत फळ न देणारी कामे हाती घेण्याचे धैर्य हॅलीच्या अंगी नेहमीच होते. सेंट हेलेना बेटावर बुधाचा ठिपका पाहिल्यापासून त्याच्या मनात एक कल्पना घोळत होती. शुक्र सूर्यबिंबावरून जाताना पृथ्वीवरील निरनिराळ्या ठिकाणांहून वेध घेतले, तर सूर्याचे अंतर काढता येईल, असे त्याने १७१६ मध्ये सविस्तर लिहिले. तो योग १७६१ व १७६९ साली यावयाचा होता. ते पाहण्यास आपण नसणार हे ठाऊक असल्यामुळे त्याने पुढच्या पिढीतील ज्योतिर्विदांना कळकळीचे आवाहन करून ठेवले. आणि त्या वर्षी अनेक देशांचे निरीक्षक खरोखरच दूरदूरच्या प्रदेशांत वेध घेण्यासाठी गेले. त्याचप्रमाणे १५३१, १६०७ व १६८२ या वर्षी दिसलेला धूमकेतू एकच असून तो १७५८ च्या सुमारास पुन्हा येईल, असे त्याने न्यूटनच्या सिद्धांतावरून वर्तविले होते.

१७४२ च्या जानेवारीत, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी हॅलीचे निधन झाले. सोळा वर्षे लोटली. १७५८ च्या नाताळच्या रात्री जर्मनीतील ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या एका शेतकऱ्याला आपल्या दुर्बिणीतून आकाशात एक अंधुक ठिपका दिसला. हॅलीचा धूमकेतू आपला शब्द पाळून परत आला होता. त्याचे प्रथम दर्शन एखाद्या मोठ्या वेधशाळेला न घडता हौसेने आकाश पाहणाऱ्या एका शेतकऱ्याला घडले, हे हॅलीला नक्कीच आवडले असते. ज्ञान हे चार विद्वानांपुरते नाही, घड्याळ आणि चिकाटी असलेला कोणीही मनुष्य त्यात भर घालू शकतो, याच विश्वासाने त्याने १७१५ साली आपला सावलीचा नकाशा लोकांच्या हाती दिला होता. आज ग्रहणाची वेळ सेकंदापर्यंत अचूक सांगता येते आणि लक्षावधी लोक ग्रहणाचा सोहळा पाहण्यासाठी आनंदाने दूरदूरचा प्रवास करतात. भयाची जागा कुतूहलाने घ्यावी म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत एडमंड हॅलीचे स्मरण प्रत्येक ग्रहणाच्या वेळी कृतज्ञतेने केले पाहिजे.